बाथरूममधला वेगळा, दारातला वेगळा

प्रश्न : नमस्कार ताई. गेल्या वर्षी पुण्यातला फ्लॅट सोडून आम्ही मुळशी तालुक्यात छोटंसं घर बांधून राहायला आलो. आजूबाजूला भातखाचरं, मागे ओढा. सगळं छान आहे, पण बेडकांनी जीव नकोसा केलाय. रोज रात्री पुढच्या दिव्याखाली एक खरबरीत, जाडजूड बेडूक ठाण मांडून बसतो. बाथरूमच्या भिंतीला एक चिकटलेला असतो. परवा त्याने माझ्या खांद्यावरच उडी मारली. जूनमध्ये शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधून इतका आवाज यायचा की तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. आमच्या कुत्र्याने एकाला तोंडात धरलं तर त्याच्या तोंडाला फेस आला. सासूबाई म्हणतात मीठ टाका, यजमान म्हणतात फिनेल ओता, शेजारी म्हणतात बेडूक आले की मागोमाग साप आलाच. आणि आमची सात वर्षांची लेक डबक्यातून बेडकांची पिल्लं आणून बरणीत ठेवते! तिला हात लावू द्यावा का? आणि यांना कायमचं कसं घालवायचं, तेवढं सांगा.

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

बाकी सगळं नंतर, आधी मीठ आणि फिनेल कपाटात परत ठेवा. सासूबाईंना वाईट वाटेल असं काही बोलू नका. आमच्याही घरी हेच सांगायचे, आणि मी ते केलेलं आहे. लग्न होऊन नवीन घरी आले होते. मोरीत बेडूक दिसला आणि मी मूठभर जाडं मीठ त्याच्या पाठीवर टाकलं. तो पळाला नाही. जागच्या जागी आक्रसला, पाय पोटाशी ओढून घेतले आणि तोंड उघडून मिटायला लागला. घाबरून मी त्याच्यावर तांब्याने पाणी ओतलं. मग तो कसाबसा सरपटत मोरीच्या तोंडाशी गेला. पुढे त्याचं काय झालं ते मला कळलं नाही. या गोष्टीला तीस वर्षं होऊन गेली, तरी तो मिटणारा जबडा डोळ्यांपुढून जात नाही.

बेडूक तोंडाने पाणी पितच नाही. ओल्या जागी बसून पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून ते आत घेतो. श्वासाचंही बरंच काम तीच कातडी करते. म्हणजे आपण फरशीवर जे काही ओततो, मीठ, फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर, ते थेट त्याच्या अंगात जातं. आणि इतकं करून उपयोगही नाही. एक मेला तरी ओलावा आणि किडे तिथेच असतात, चार दिवसांनी दुसरा येऊन बसतो.

आता तुमच्या पत्राकडे येते. तुम्ही सगळ्यांना मिळून एकच शब्द वापरलाय, ‘बेडूक’. मला मात्र त्यात तीन-चार वेगळे प्राणी दिसतात. प्रत्येकाचं तुमच्या घरी येण्याचं कारण वेगळं, आणि म्हणून उपायही वेगळा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात मंडूकसूक्त आहे. एक गाईसारखा ओरडतो, एक बोकडासारखा, एक ठिपक्यांचा, एक हिरवा, असं त्यात म्हटलंय. इतक्या जुन्या काळी लोक पावसात कान देऊन एवढा फरक ओळखत होते. तुम्हालाही महिनाभरात जमेल.

दिव्याखाली बसतो त्याच्यापासून सुरुवात करू. खरबरीत, जाडजूड, उड्या मारण्यापेक्षा खुरडत चालणारा. पुस्तकात याला भेक म्हणतात. उद्या रात्री दोन हात लांब बसून बॅटरीच्या उजेडात नीट बघा. डोक्यावर काळ्या कडांच्या उंच रेषा दिसतील, कुणी काजळाने डोळ्यांच्या वरून ओढल्यासारख्या. बोटांची टोकंही काळी असतात. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लांबट उंचवटे असतात, त्या त्याच्या विषाच्या ग्रंथी. घाबरू नका, तो ते विष कुणावर उडवत नाही, चावतही नाही. त्याला दाबलं, तोंडात धरलं, तरच त्यातून पांढरट चीक येतो. तुमच्या कुत्र्याला फेस आला तो यामुळेच.

पुन्हा असं झालं तर कुत्र्याचं डोकं खाली धरून वाहत्या पाण्याने तोंड बाजूने धुवा, चांगलं पाच-दहा मिनिटं. पाणी घशात जाता कामा नये. हिरड्या ओल्या फडक्याने पुसून काढा. फेस थांबत नसेल, कुत्रा झोकांड्या खात असेल, थरथरत असेल, तर वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. आणि पावसाळ्यात रात्री त्याला बाहेर सोडताना साखळी लावूनच सोडा. बहुतेक कुत्री एकदा तोंड पोळलं की पुन्हा भेकाच्या वाटेला जात नाहीत, पण काही हट्टी असतात.

भेकाला हात लावला की चामखीळ येते, हे तुमच्या कानावर आलंच असेल. ते खोटं आहे. चामखीळ माणसातल्या एका विषाणूमुळे होते, भेकाच्या अंगावरच्या गाठींशी तिचा काही संबंध नाही.

हा तुमच्या दारात येतो तो दिव्यासाठी. खरं तर दिव्यावर येणाऱ्या किड्यांसाठी. पांढऱ्याशुभ्र एलईडीवर पावसाळ्यात पाखरं, भुंगेरे, पंख फुटलेली वाळवी यांचा सडा पडतो आणि भेकाला बसल्या जागी पंगत मिळते. त्याला दारातून हलवायचं असेल तर तो दिवा बदला. पिवळसर उजेडाचा, कमी वॅटचा लावा, आणि सगळे घरी आले की बंद करा. किंवा दिवा दारावरून काढून फाटकाशी न्या. किडे तिकडे जातील, भेकही जाईल. एवढंच पुरतं.

पण दिवा हलवण्यापूर्वी एक-दोन रात्री त्याला जेवताना बघा, एवढी माझी विनंती आहे. किडा दिसला की तो सबंध अंगाने त्याच्याकडे वळतो आणि थिजतो. मागच्या पायाचं एखादं बोट तेवढं थरथरत असतं. मग जीभ कधी बाहेर आली, कधी आत गेली, ते आपल्याला दिसतसुद्धा नाही. दिसतं ते नंतरचं. तो डोळे मिटतो आणि डोळे चक्क डोक्यात खाली जातात. घास घशाखाली ढकलायला तो डोळ्यांचा असा उपयोग करतो.

आमच्या मागच्या दारी कपडे धुण्याचा दगड आहे. त्याच्या कपारीत एक भेक सलग चार पावसाळे राहिला. डाव्या पुढच्या पायाचं एक बोट तुटलेलं, त्यामुळे तोच तो हे नक्की कळायचं. एकदा पहाटे तो पाठ कमानीसारखी वर करून जांभया दिल्यासारखं तोंड उघडत होता. मला वाटलं, काही विषारी खाल्लं की काय. जवळ जाऊन बघते तर तो कात टाकत होता. घट्ट स्वेटर डोक्यावरून काढावा तसं जुनं पातळ कातडं पायांनी पुढे ढकलत होता आणि ते तोंडात घेऊन गिळत होता. पाच-सात मिनिटांत सगळं संपलं. खाली नवा, ओला, चकचकीत भेक. त्या दिवशी दूध उतू गेलं, पण मी तिथून हलले नाही.

आता बाथरूममधला. भिंतीला चिकटतो म्हणजे हा झाडबेडूक असणार, तुमच्या भागात तो घराघरात येतो. अंग सडपातळ, गुळगुळीत, रंग तपकिरी-पिवळट आणि बसल्या जागेप्रमाणे फिका-गडद होणारा. ओळखायची खूण म्हणजे बोटांच्या टोकाला गोल गाद्या. त्यांच्या जोरावर तो टाइल्सवरही उभा चढतो. तो तुमच्याकडे किड्यांसाठी कमी आणि ओलाव्यासाठी जास्त येतो. एप्रिल-मे महिन्यात बाहेर सगळं तापलेलं असताना तुमच्या बाथरूमइतकी थंड, ओली जागा त्याला दुसरीकडे कुठे मिळणार? एकदा जागा पसंत पडली की पावसाळ्यातही दिवसा झोपायला तिथेच येतो. खांद्यावर उडी मारली ती तुम्ही दिवा लावल्यावर दचकून, पळायला. त्याच्या लेखी तुमचा खांदा ही समोरची सगळ्यात उंच जागा होती.

त्याला बाहेर न्यायचं सोपं आहे. झाडू नको. पाण्याने ओला केलेला प्लास्टिकचा डबा त्याच्यावर अलगद पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि संध्याकाळी बाहेर नेऊन केळीच्या किंवा कर्दळीच्या बुंध्याशी सोडा. दुपारच्या उन्हात नको. तो परत यायचा प्रयत्न करेल, म्हणून त्याच दिवशी वाटा बंद करा. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीला आतून बारीक जाळी, दाराखाली रबराची पट्टी, आणि सांडपाण्याच्या भोकावर घट्ट बसणारी जाळी. एक गोष्ट मी आवर्जून करायला सांगेन. मागच्या बाजूला सावलीत एक जुना माठ आडवा ठेवा, आत ओलं गोणपाट. उन्हाळ्यात त्यावर रोज तांब्याभर पाणी. आमच्याकडे हे केल्यापासून बाथरूममध्ये कुणी फिरकलेलं नाही, आणि माठात दोघे-तिघे असतात.

पावसाळ्यात तुमच्या पाण्याच्या टाकीच्या आतल्या कडेला किंवा डबक्यावर वाकलेल्या फांदीवर साबणाच्या फेसाचा गोळा दिसला, तर तो धुऊन काढू नका. ते याच झाडबेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना एक चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळून त्याचा फेस करते. अंडी त्या फेसात ओली राहतात, आणि पिल्लं मोठी झाली की खालच्या पाण्यात टपकतात. टाकी पिण्याच्या पाण्याची असेल तर मात्र फेसाखाली पसरट भांडं धरून तो पूर्ण गोळा अलगद उतरवा आणि बागेतल्या पाण्यावर वाकलेल्या फांदीला टेकवा. नंतर टाकीला झाकण.

तीन रात्री झोप उडवली ती मंडळी आणखी वेगळी. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की भातखाचरात आणि रिकाम्या प्लॉटमधल्या तळ्यात मोठे बेडूक जमतात. एरवी ते हिरवट-तपकिरी. पण त्या दिवसांत नर लिंबासारखे पिवळेधमक होतात आणि ओरडताना गळ्याच्या दोन बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही, कुणी प्लास्टिकची खेळणी टाकलीत असं वाटतं. ओरडतात ते नर, माद्यांना बोलवायला, आणि या मोठ्या बेडकांचा बहर फार तर काही दिवसांचा. ते दिवस संपले म्हणून तर तुम्हाला आता पत्र लिहायला झोप मिळाली असेल! पुढच्या जूनमध्ये त्या तीन रात्री त्या बाजूच्या खिडक्या लावून घ्या, किंवा पलीकडच्या खोलीत झोपा. दुसरा उपाय नाही आणि मला तो शोधायचाही नाही. याच बेडकांचे पाय एके काळी आपल्या देशातून टनावारी परदेशी जात. भातावरचे किडे खाणारे बेडूक संपत चालले, हे लक्षात आल्यावर सरकारने १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली. तुमच्या शेजारच्या प्लॉटमध्ये ते अजून जमतात, हे मला फार मोलाचं वाटतं. यजमान रात्री हिंजवडीकडून गाडीने येत असतील तर पहिल्या पावसाच्या त्या रात्री ओढ्याजवळ गाडी सावकाश घ्यायला सांगा. सगळे त्याच वेळी रस्ता ओलांडत असतात.

मोठ्यांचा आवाज ओसरला की बारीक आवाज ऐकू येतील. कंगव्याच्या दातांवरून नख ओढल्यासारखा आवाज आला तर तो अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान बेडकाचा असतो. एवढ्याशा जिवाचा आवाज अख्ख्या अंगणाला पुरतो. बॅटरी घेऊन शोधायला गेलात की गप्प. लाकडावर टिचकी मारल्यासारखं टक्-टक् ऐकू आलं तर तो तुमचा बाथरूमवाला. आणि कुंडीची माती बदलताना एखादा गोलमटोल, आखूड पायांचा बेडूक निघाला तर तो बिळातला. त्याला मातीवर ठेवा आणि बघत राहा. मागच्या पायांनी माती उकरत तो बसल्या बसल्या, तोंड तुमच्याकडेच ठेवून, उलटा जमिनीत उतरतो. आपल्या पश्चिम भारतातल्या अशा एका बिळातल्या बेडकाला वेगळी जात म्हणून नाव मिळालं ते २०१७ साली. नाव ठेवलं ‘पश्चिमा’. शेतात पिढ्यान् पिढ्या दिसणारा प्राणी, आणि त्याची नीट ओळख पटायला एवढी वर्षं लागली.

सापांचं तुमचे शेजारी अगदीच चुकीचं सांगत नाहीत, म्हणून मी ते उडवून लावणार नाही. पाणदिवड बेडूक खाते, धामण खाते, नाग भेकसुद्धा खातो. पण साप घराशी येतो तो बहुतेक वेळा उंदरांमुळे. तुम्ही सगळे बेडूक मारलेत तरी तांदळाचं पोतं, कोंबड्यांचं खाद्य, उष्टं-खरकटं उघड्यावर असेल तर उंदीर येणार आणि साप येणार. तेव्हा धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा. घर बांधताना उरलेला विटा-फरश्यांचा ढीग भिंतीला लागून असेल तर कुंपणाच्या कोपऱ्यात हलवा. फेकू नका, उन्हाळ्यात भेक त्याच्याच खाली दिवस काढतात. हलवताना मात्र पहारीने उचला, हाताने नको. दाराजवळचं गवत आखूड ठेवा. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात बंद बूट हवेतच, बेडूक असोत वा नसोत. साप दिसला तर लांब उभं राहून त्याच्यावर लक्ष ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर किंवा गावातल्या सर्पमित्राला फोन करा. आणि कधी दंश झालाच तर आवळून बांधणं, कापणं, मांत्रिक, यात एक मिनिटही घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

आता लेकीबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडली ती तीच.

बरणीतली पिल्लं म्हणजे बेडूकमासे. बरणीत ती टिकणार नाहीत. पाणी तापतं, हवा पुरत नाही, आणि मुलं प्रेमाने पोळीचे तुकडे टाकतात त्याने पाणी सडतं. तिला रागावू नका. दोघी मिळून ती जिथून आणली त्याच डबक्यात परत सोडा, दुसऱ्या पाण्यात नको, एका जागेचे रोग दुसऱ्या जागी जातात. आणि मग रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्या डबक्याशी जायचं ठरवा. काळी, बारीक, घोळक्याने फिरणारी असतील तर ती भेकाची. भेकाची अंडीही ओळखू येतात, पाण्यात काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा सोडल्यासारखी दिसतात. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपूट आक्रसत जाते. साधारण महिना-दोन महिन्यांचा खेळ, ऊन-पाण्याप्रमाणे कमी-जास्त. शेवटच्या दिवसांत त्यांना पाण्याबाहेर यायला जागा लागते. डबक्याची कड उभी असेल तर एक चपटा दगड तिरका टाका. नाहीतर पाय फुटलेली पिल्लं बुडतात. हा दगड लेकीलाच टाकू द्या.

डबकं आहे म्हणजे डास होणार, ही भीती तुम्हाला असेल. डेंग्यूचा डास तुमच्या पिंपात, कूलरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत, टाकलेल्या टायरात अंडी घालतो. ती भांडी दर आठवड्याला रिकामी करून घासा. बेडूक सगळे डास खाऊन टाकतील असं मी सांगणार नाही, ते खरं नाही. पण बेडूकमाशांच्या डबक्यात औषध मारू नका.

हात लावू द्यावा का? लावू द्या, पण नियम सांगून. आधी हात साध्या पाण्याने ओले करायचे, साबण किंवा डास पळवायचं मलम हाताला नको. पकडायचं नाही, तो आपणहून हातावर बसला तर बसू द्यायचा, जमिनीजवळच. नंतर डोळ्यांना, तोंडाला हात न लावता साबणाने हात धुवायचे. भेकाला मात्र नुसतं बघायचं. त्याला उचललं की तो बहुतेक वेळा हातावर पाणी सोडतो. ते त्याने कोरड्या दिवसांसाठी मूत्राशयात साठवलेलं असतं, आपल्या कुतूहलापायी ते वाया जातं.

तिला एक वही द्या. तारीख, वेळ, पाऊस होता की नाही, कुठे दिसला, आवाज कसा. आवाज तिच्या मनाने लिहू द्या, ‘टक्-टक्’ लिहील नाहीतर ‘आजोबांच्या घोरण्यासारखा’. सासूबाईंनाही त्यात घ्या. त्यांच्या लहानपणी पाऊस लांबला की गावात धोंडी निघत असेल तर त्यांना विचारा. अंगाला कडुलिंबाचा पाला बांधून, बेडूक घेऊन पोरं दारोदारी पाणी मागत फिरायची. तो बेडूक नंतर कुठे सोडायचे, हेही विचारा.

‘कायमचं कसं घालवायचं’ याचं उत्तर मी देत नाही, ताई. घराच्या आत त्यांनी येऊ नये, हे तुमचं म्हणणं रास्त आहे आणि जाळी, रबराची पट्टी, दिवा एवढ्यावर ते होतं. पण घराबाहेरची जागा भाताची आणि ओढ्याची आहे. तिथून त्यांना हाकलायला मी मदत करणार नाही.

आज रात्रीच बाथरूममधल्याच्या बोटांना गोल गाद्या आहेत का ते लेकीला बघायला सांगा, आणि मला कळवा. नसतील, तर तो झाडबेडूक नाही, आणि मग वरचं मी काय काय बदलून सांगायचं ते पुढच्या पत्रात लिहीन.